तिघांचं एकच मंदू

मित्रांनो, दुपारपासून डोक्यात एकच शब्द तरंगून राह्यला.

तामसीहून आदिलाबादला येणाऱ्या बसमध्ये मी ताडीच्या गुंगीत होतो. खिडकीबाहेर कपाशी तळ्यासारखी हलत होती. शेजारी बसलेला धाकटा भाऊ एकदम चिडला, "दादा, काऊन पेऊन राह्यला? ताडीत झोपेच्या गोळ्या टाकतेत!"

"अन् तू जिममध्ये स्टेरॉइडची सुई घेऊन राह्यला, ते?"

"ते मंदू हाय, ताकदीचं."

मी त्याचं मनगट धरलं. त्याची नाडी पळत होती, माझी पेंगत होती.

तेलुगूत औषधाला मंदू म्हणतात, दारूलाही मंदू, अन् कपाशीवर फवारतात त्या विषालाही मंदूच. खिडकीबाहेर एक शेतकरी तेच फवारत होता, तोंडाला घट्ट फडकं बांधून.

तुमीच सांगा, आमच्या तिघांत शहाणा कोण?