ग्वेयिंगबाईंच्या डोक्यामागचं हाड

नाव: तान ग्वेयिंग. वय: चोपन्न. व्यवसाय: बाजारगल्लीच्या तोंडाशी तांदळाच्या वाफवलेल्या पोळ्या विकणे. ओळखीची खूण: कवटीच्या मागे, मानेच्या वर, अंगठ्याएवढा उंचवटा. स्वभाव: सदर उंचवट्यास अनुसरून.

बाजार समितीच्या या नोंदीचा खुलासा आमच्या हानचोंगमध्ये कुणी मागत नाही. अशा उंचवट्याला आम्ही ‘बंडखोर हाड’ म्हणतो. गोष्ट जुनी आहे. एका सेनापतीच्या डोक्यामागचं ते हाड राज्याच्या शहाण्या प्रधानाला म्हणे पहिल्या भेटीतच दिसलं. हा पुढे उलटणार, असं तो बोलून गेला. प्रधान वारला, सेनापती उलटला आणि त्याचं मुंडकं आमच्याच शिवारात उडालं. म्हणून आमच्या आज्या तान्ह्या बाळाला राळ्याच्या घट्ट उशीवर उताणं निजवतात, डोकं मागून सपाट व्हावं म्हणून. ग्वेयिंग तीन महिन्यांची असल्यापासून कुशीवर वळायची. शेवटी आईनेच नाद सोडला.

यंदा समितीने फर्मान काढलं: सगळ्यांनी समितीचं पोत्यातलं तयार पीठ घ्यायचं, नाहीतर जागा सोडायची. गल्लीने सह्या केल्या. ग्वेयिंगबाई तांदूळ भिजवून दगडी जात्यावर ओलेच दळत राहिल्या. नोटीस आली. तीस वर्षांची जागा जाणार होती.

सुनावणीला त्या शेगडी नवऱ्यावर सोपवून गेल्या. अध्यक्ष लुओ यांनी समजुतीचा सूर लावला.

“ताई, तुमचा तरी काय दोष? हाडच तसं आहे.”

“त्या प्रधानाला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना, साहेब?”

लुओंनी मान डोलावली. एवढं इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

“मग प्रधानाने आपल्या डोंगरखिंडी वर्षानुवर्षं त्याच सेनापतीच्या हातात कशाला ठेवल्या? आणि तो असेपर्यंत एक तरी शत्रू आत आला?”

यावर ‘आला’ म्हणणारा माणूस हानचोंगमध्ये जन्मायचा आहे. लुओ कागद चाळू लागले.

“गल्लीचं तोंड मीही तीस वर्षं राखलंय. तुमच्या पिठाची पोळी घडी घातली की तुटते. ही तोडून दाखवा.”

त्यांनी ओल्या फडक्यातली पोळी टेबलावर ठेवली. लुओंनी तिची घडी घातली, मग घडीवर घडी, आणि चौथ्या घडीला ती तोंडात टाकली.

निकाल लेखी मिळाला: जागा कायम, सदर महिलेस समितीच्या कडक निरीक्षणाखाली ठेवावे.

समितीच्या कचेरीचे अकरा डबे रोज सकाळी साडेसहाला ग्वेयिंगबाईंच्या शेगडीवरच भरले जातात, तिखट तेल जास्त घालून.