गृहविज्ञानाचा फॉर्म

"अबे, सांग न लवकर! या पोरीले कुठं टाकू? उद्या फॉर्मची शेवटची तारीख हाय!" पिपरी मेघे गावच्या घराच्या अंगणात काका एवढ्या जोरात ओरडले, की पार केळझरच्या गणपतीनेही कान टवकारले असतील. मी नागपूरला इंजिनिअरिंगचं एकच वर्ष काढलं होतं, पण घरी आलो की अख्खं विद्यापीठ माझ्या खिशात असायचं. चुलतबहिणीच्या हातात गृहविज्ञानाचा फॉर्म होता. शेतात निंदण करून करून तिच्या आईची कंबर गेली होती, आणि अवजारं बाईच्या अंगाच्या मापानं कशी करावीत, ते तिला शिकायचं होतं. असा काही विषय असतो हेच मी पहिल्यांदा ऐकत होतो, पण तसं कबूल करील तो मी कसला! "त्याले आधी इंजिनिअरिंग लागते, मंग जर्मनी," मी ठोकून दिलं. "गृहविज्ञानात पापड लाटाले शिकवतेत." काका पोट धरून हसले, फॉर्म चुलीत गेला आणि ती मास्तरीण झाली. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की अर्गॉनॉमिक्सकडे, म्हणजे माणसाच्या अंगाच्या मापानं अवजारं करण्याच्या शास्त्राकडे, इंजिनिअरिंगमधून जाता येतं, शरीरशास्त्रातून, मानसशास्त्रातून, आणि गृहविज्ञानातूनही. बसल्या बाकावर माझे कान तापले. पुढच्याच रविवारी तिच्यासमोर जाऊन मी सगळं सांगून टाकलं. आज म्हातारपणीही ते आठवलं की मान वर होत नाही. ती तेव्हा शाळेच्या वह्या तपासत होती. "मले तवाच माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "पण बाबानं तुले इचारलं."