पन्हं बंद, कॉफी चालू

आधीच सांगून टाकते, ही गार कॉफी मी हौसेनं शिकले नाही. रागानं शिकले. धाकट्या जावेच्या रागानं. तिनं हे वाचलं तर वाचू दे, मला काय लपवायचं नाही.

आमचं घर दुमजली. खाली मी, वर ती आणि दीर. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली. जिना बाहेरून आहे, माझ्या दारापुढूनच वर चढतो. वर जाणाऱ्या माणसाला माझ्यासमोरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

चैत्रातलं हळदीकुंकू या घरात मी केलं. आधी सासूबाईंच्या हाताखाली, त्या गेल्यावर एकटीनं. गौर झोपाळ्यात बसवायची, कलिंगड कापायचं, हरभरे भिजवायचे, कैरीची डाळ वाटायची. आणि पन्हं. गल्लीतल्या बायका डाळ थोडी घ्यायच्या, पन्हं मात्र दोन-दोन पेले. मी दाराजवळ पंख्याखाली खुर्ची टाकून बसायची, शेजारी पातेलं, हातात ओगराळं. येईल तिला बसल्या जागेवरून पेला भरून द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या घरी पाणी येत नाही, सगळं त्या खुर्चीत कळायचं.

मग आमचे मालक गेले. पहिल्या चैत्रात काही केलंच नाही, वर्ष व्हायचं होतं. दुसऱ्या चैत्रात जाऊ म्हणाली, औंदा गौर आम्ही वर बसवतो. म्हटलं, बसवा, माझे गुडघे तसेही दुखतात. आदल्या दिवशी ती खाली आली.

"आक्का, पन्हं तुमच्याच हातचं लागतंय बघा सगळ्यांस्नी. तुम्ही आत करा, मी भाईर वाटतो."

"आत म्हंजे?"

"आमच्या सैपाकघरात. राग मानू नका. कुंकवाचा कार्यक्रम हाय, लोकं बोलत्यात."

"कोण लोकं?"

"लोकं म्हंजे लोकं की आक्का. आता तुम्हास्नी काय सांगायचं."

गेले वर, केलं पन्हं. पहिला पेला बाहेर गेला आणि तिनं सैपाकघराचं दार पायानं ओढून घेतलं. दोन्ही हातांत ताट होतं म्हणून पायानं, असं ती पुढं सांगत होती. असेल. पण मी आतल्या बाजूला होते. बाहेरून आवाज येत होते, "पन्हं झकास झालंय!" आणि ही म्हणते, "आवडलं न्हवं?" आवडलं न्हवं! जशी काय कैरी हिनंच उकडली. मग रिकामे पेले आत आले, धुवायला.

मला कुंकू नको होतं हो. मला माझी खुर्ची पाहिजे होती, दाराजवळची, पंख्याखालची. माणसांत बसून आपल्या हातानं पेला द्यायचा होता. एवढंच. खाली आले आणि त्याच दिवशी ठरवलं, की या हाताचं पन्हं आता त्या बाईला मिळणार नाही. पुढच्या चैत्रात ज्या दिवशी ती वर गौर बसवेल त्याच दिवशी, त्याच वेळेला, मी माझं दार उघडं टाकून खुर्चीत बसणार आणि येईल तिला काहीतरी गार देणार. पन्हं सोडून काहीही.

कॉफी सुचली ती माहेरच्या फिल्टरमुळं. माझं माहेर चंदगडकडचं, तिथून कर्नाटक हाकेवर. आईकडं पितळेचा दोन खणांचा फिल्टर होता, वरच्या खणात पूड, खालच्यात थेंब-थेंब काळा अर्क. तो माझ्याबरोबर इकडं आला आणि माळ्यावर गेला, कारण सासूबाईंच्या हिशेबी कॉफी म्हणजे आजाऱ्याला जायफळ घालून द्यायची वस्तू. तो काढला, चिंचेनं घासला. मुलगा पुण्याला असतो, त्यानं घेऊन दिलेला मोबाईल होताच. गार कॉफी कुठं कशी करतात ते त्यात बघत बसले. कोण कुठल्या देशाची बाई, काय बोलते कळत नव्हतं, पण हात काय करतात ते तर दिसतं. तेवढं पुरतं.

व्हिएतनामची सोपी निघाली. पेल्यात तळाला आटवलेलं गोड दूध, वर फिल्टरचा अर्क, वर बर्फ. तिकडं डब्यातलं दूध घालतात. आपल्याकडं गवळी म्हशीचं दूध दारात घालत असताना डबा फोडायचा म्हणजे लाज. मी बासुंदीच्या अलीकडं आटवलं. जपानची आणखी सोपी, फिल्टर सरळ बर्फावर गळू द्यायचा. पण नुसतं काळं पाणी पाहुण्याला द्यायचं मला जमेना.

ग्रीसच्या कॉफीनं मात्र माझी फजिती केली. बाटलीतली विरघळणारी कॉफीची पूड, साखर आणि घोटभर पाणी घुसळून नुसता फेस काढायचा असतो त्यांच्यात. दूध मागून, तेही जमलं तर. आता मला सांगा, कोल्हापुरात बाई पाहुण्याला पाण्याची कॉफी कशी देईल? मी त्यात निरसं थंड दूध घातलं आणि वर चार दिवसांची साठवलेली साय घातली, की कुणी म्हणू नये आक्कानं हात आखडला. मिक्सर फिरवला. फेस आला. म्हटलं, अजून येऊ दे. आणखी फिरवला. झाकण उघडते तर वर लोण्याचा गोळा! कॉफीच्या रंगाचं लोणी आणि खाली कॉफीचं ताक. ते लोणी मी टाकलं नाही. दोन दिवस भाकरीला लावून खाल्लं. कडू होतं. जावेचं नाव घेत खाल्लं.

शेवटी हाती लागली ती अल्जेरियाची. तिकडं तिला मझाग्रान म्हणतात. काळी कॉफी, साखर, लिंबू, बर्फ. दूध नाही, म्हणजे नासायची भीती नाही. साखरेऐवजी मी आपला गूळ घातला. पहिला घोट घेतला आणि लगेच दुसरा. आंबट, गोड, मागून कडू. पन्ह्याचीच कुणीतरी रागीट बहीण. हीच, म्हटलं.

आता बोलवायचं कुणाला? वर ज्यांना बोलावणं नसतं त्यांना. मागच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई आहेत, बौद्ध आहेत, हळदीकुंकवाच्या वाटेला जात नाहीत. त्या लगेच म्हणाल्या, "कॉफी ना? मग येतो." समोर शिवणकाम करणारी आहे, तिचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या दारात गेले, सगळं सांगितलं, जाऊ कशी वागली, दार कसं ओढलं. ती मशीन थांबवून ऐकत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्सं करत हुता, पर आमचं मालक गेल्यापास्नं मला कधी बोलावलं न्हाईसा."

तिच्या घरी पन्हं पाठवत होते मी दर वर्षी, तांब्यात, झाकून. पाठवत होते. बोलवत नव्हते. तिनं सुईत दोरा ओवला.

"येतो," ती म्हणाली. "पर पन्हं असलं तर मी येणार न्हाय. तांब्यातलं लई पिऊन झालं."

जावेवरचा राग त्यानं कमी झाला नाही, उलट वाढला. आता त्यात माझा माझ्यावरचा रागही मिसळला, आणि तोही काढायचा कुणावर, तर तिच्यावरच.

आठवडाभर बर्फ साठवला, मोठा स्टीलचा डबा भरून. आमच्या घरात बर्फ माझ्याकडंच होतो. तिचा फ्रीज जुना, वरचा खण पांढऱ्या भुग्यानं भरलेला, ट्रे आत जात नाही. गेल्या चैत्रात तिच्याकडचं पन्हंही माझ्याच बर्फानं गार झालं होतं. हे मला ठाऊक होतं. तिला आठवलं नव्हतं. मी आठवण करून दिली नाही.

त्या दिवशी चार वाजता दार उघडलं आणि खुर्ची टाकली. पंखा, फिल्टर, पेले. वर जाणाऱ्या बायका एकेक करून येऊ लागल्या.

"या की, आधी खाली बसा."

"वरनं येतो की आक्का," म्हणायच्या आणि जिना चढायच्या, माझ्याकडं न बघता. चाळीस वर्षं माझ्या हातचं प्यालेल्या बायका! नर्सबाई आणि शिवणकामवाली तेवढ्या माझ्यासमोर बसलेल्या.

नर्सबाईंनी लिंबाची घेतली. "काय ओ, ही कॉफी हाय का काढा?"

"बरी न्हाई का?"

"बरी हाय. पेशंटला दिली असती तर पळाला असता, मी न्हाई पळत. वता अजून."

शिवणकामवालीनं व्हिएतनामची घेतली. "कुठं आलं हे व्हिएतनाम?"

"लांब हाय. म्हशी हायत म्हणं तिथं, पर दूध डब्यातलं घालत्यात."

"म्हशी असून? काय म्हणायचं ह्या लोकांस्नी!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जाऊ. हातात रिकामं पातेलं, घामानं कुंकू ओघळलेलं.

"आक्का, बर्फ द्या की जरा. पन्हं कोमट झालंय."

"बर्फ हाय की. डबाभर हाय."

"मग द्या."

"वर न्हेता यायचा न्हाय. हितं बसून प्यायचा, पेल्यातनं."

"आक्का, वर बायका खोळंबल्यात!"

"मग उतरा म्हणावं. जिना काय डोंगर हाय?"

"तुम्ही मुद्दाम कराय लागलाय."

"व्हय."

वरून कुणीतरी कठड्यावर वाकून ओरडलं, "काय चाललंय ओ खाली? गार काय हाय का न्हाय?" नर्सबाईंनी मान वर करून पेला दाखवला आणि हलवला. बर्फ खणखणला.

एक उतरली. मग दोघी. मग सगळ्याच, ओटीत हरभरे, कपाळाला कुंकू. खोलीत जागा पुरेना. शिवणकामवाली उठायला लागली तशी मी म्हटलं, "तू बस. त्या उभ्यानं पितील." आणि त्या उभ्यानं प्याल्या. लिंबाचीच जास्त गेली. "आक्का, ह्यात गूळ हाय न्हवं?" असं एकीनं विचारलं, तिचा पेला मी परत काठोकाठ भरला. खुर्चीतून उठले नाही. बसल्या जागेवरूनच पेले भरले.

जाऊ उंबऱ्याच्या बाहेरच. तिलाही पेला भरून पुढं केला.

"बसा," म्हटलं.

"उभ्यानंच बरं." तिनं घोट घेतला. "कडू हाय."

"हायच."

पण तिनं संपवली. पेला उंबऱ्यावर ठेवला आणि हळू आवाजात, बायकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पुढच्या वर्षी पन्हं तुम्ही करा आक्का."

"आत?"

तिनं पदरानं मान पुसली.

"मग कॉफीच," मी म्हटलं.

पातेलं घेऊन ती वर गेली. तो पेला मी धुतला नाही. तीन दिवस उंबऱ्यावर तसाच होता, चौथ्या दिवशी सकाळी बघते तर धुऊन, पालथा घालून ठेवलेला.

आता परत चैत्र आलाय. फिल्टर घासून ठेवलाय, बर्फाचे दोन ट्रे झालेत. रोज सकाळी वरची पावलं माझ्या दाराशी येऊन थांबतात आणि परत वर जातात. मी हाक मारत नाही. तिला काय विचारायचंय ते मला माहीत आहे, आणि मला काय ऐकायचंय ते तिला. दार उघडंच असतं.