नावापुरता मालक

शर्ट त्यांच्या मुलाचा होता. फिकट निळा, कडक इस्त्रीचा. काकांनी तो मला पार्किंगमध्येच आणून दिला आणि म्हणाले, "हा घाल. फोटोत मालक दिसायला पाहिजे, ड्रायव्हर नाही."

कोथरूडमधली त्यांची सोसायटी. सकाळची वेळ. शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी, मुलांच्या आया उभ्या. मी दोन गाड्यांच्या आडोशाला जाऊन माझा शर्ट काढला आणि तो घातला. खांद्यात घट्ट झाला. गळ्याचं बटण लागेना. काकांनी लांबूनच पाहिलं. "राहू दे. श्वास रोखून धर फक्त." त्यांनी मोबाईलवर दोन फोटो काढले, एक गंभीर, एक हसरा. हसरा त्यांना आवडला नाही.

मी शर्ट काढला, नीट घडी घातली आणि परत द्यायला वर गेलो. दार काकूंनी उघडलं. आधी माझ्या हातातल्या घडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी गोड.

"अरे, आता तो आत नको आणूस. ठेव तुलाच."

दार लागलं. मी जिन्यात तसाच उभा. माझ्या अंगाला तो शर्ट पाच मिनिटं लागला असेल नसेल. तेवढ्यात तो त्यांच्या घराला चालेनासा झाला.

आणि फोटो कशासाठी होता? तर कर्जाच्या अर्जासाठी. नवा कोरा इलेक्ट्रिक ट्रक घ्यायचा होता. माझ्या नावावर.

काका माझे कोणी लागत नाहीत. सगळे म्हणतात म्हणून मीही काका म्हणायचो. कोथरूडच्या टोकाला त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे. तिथून खराडीच्या आयटी कंपन्यांना रोजचं जेवण जातं. मी त्यांचा ड्रायव्हर. सकाळी डिझेलचा टेम्पो काढायचा, सगळं पुणं आडवं कापायचं आणि जेवणाच्या आत डबे पोचवायचे. इतकी वर्षं ते अन्न वाहिलं, पण त्या स्वयंपाकघराच्या आत माझं पाऊल पडलं नाही. डबे बाहेर ओट्यावर यायचे. काका म्हणायचे, "हायजीन असतं बाबा, कंपनीवाले तपासतात." आचाऱ्याचा भाऊ मात्र तंबाखू मळत खुशाल आतबाहेर करायचा. त्याला हायजीन लागू नव्हतं.

मग खराडीच्या कंपन्यांनी फर्मान काढलं. यापुढे आवारात माल घेऊन येणारी गाडी इलेक्ट्रिकच पाहिजे. काकांनी ट्रकची किंमत विचारली आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की मागासवर्गीयांना पहिली गाडी घ्यायला सरकारी योजना आहे. सुरुवातीच्या रकमेत सवलत, व्याजातही सवलत. त्या दिवशी काकांनी मला पहिल्यांदा 'बस' म्हटलं. खुर्चीवर.

हेच काका टेम्पोत माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं टोमणे मारत आले होते. पेपरात आरक्षणाची बातमी आली की हमखास. "तुमचं बरंय बुवा, सगळं घरपोच." एकदा तर म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळं मिळतं, फक्त घेता येत नाही." मी गिअर बदलायचो. ज्या दाखल्यावरून मला इतकं टोचलं, तोच दाखला आता त्यांना हवा होता.

"नाव तुझं, हप्ते माझे," काका म्हणाले. "तुझं जातंय काय? उलट बँकेत पत वाढेल तुझी. पगारही वाढवतो."

मी हो म्हटलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण नुसती भीतीच होती असं म्हटलं तर खोटं होईल. माझा बाप महापालिकेत झाडू मारायचा. आयुष्यभरात त्याच्या नावावर सायकलसुद्धा झाली नाही. गाडीच्या आरसी बुकावर माझं नाव छापून येणार, एवढ्यावरच मी हुरळलो. आज आठवलं की स्वतःची चीड येते.

बायकोला सांगितलं. ती एका दवाखान्यात आया आहे, रोज शंभर तऱ्हेची माणसं बघते. तिने एवढंच विचारलं, "नाव तुमचं, मग किल्ली कुणापाशी ऱ्हाणार हाय?" मी तिच्यावर खेकसलो. उत्तर नसलं की माणूस खेकसतो.

मग सुरू झाले हेलपाटे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, उद्योगाची नोंदणी. जातीचा दाखला होता, पण जुना. नवा ऑनलाइन काढा म्हणे. नव्यासाठी बापाचा शाळेतला पुरावा हवा. बाप शाळेत गेला तो परभणीकडच्या गावात, तोही जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत. गेलो गावी. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढता काढता मला विचारलं, "पुण्यात राहून अजून हे लागतंच का तुम्हाला?" काय सांगणार? मला नाही सर, आमच्या मालकांना लागतंय?

पुण्यात परत आलो तर सेतू केंद्रात सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू, साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा फोटोवर शिक्का नीट उमटला नव्हता. मी सकाळचे डबे पोचवून धावत यायचो आणि खिडकी जेवणासाठी बंद झालेली असायची. शेवटी सुट्ट्या टाकल्या. आणि महिनाअखेरीला काकांनी त्या सुट्ट्यांचा पगार कापला. ट्रक त्यांचा, रांगेत मी, आणि रांगेत उभं राहायचा दंडही मलाच. विचारलं तर म्हणाले, "अरे, कागद तुझेच आहेत ना?"

अर्जात एक रकाना होता, गाडी चार्ज कुठे करणार. मी राहतो पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत. आमच्या गल्लीत कोणी स्कूटर आडवी लावली तर म्हातारी माणसं आत अडकून पडतात. तिथे ट्रक कुठून येणार? काकांनी स्वतःच्या स्वयंपाकघराचा पत्ता लिहायला लावला. बँकेत माझं नवं खातं उघडलं आणि त्यावर मोबाईल नंबर दिला त्यांचा. खातं माझं, ओटीपी त्यांना. सह्या केलेले कोरे चेक त्यांच्या कपाटात गेले. गाडी पुढे त्यांच्या नावावर करून द्यायचे फॉर्मही तयार होते, तारीख तेवढी मोकळी. ट्रक अजून कारखान्यातून निघाला नव्हता आणि माझ्याकडून तो काढून घ्यायची तयारी पूर्ण झाली होती.

शोरूमला मला नेलंच नाही. काका आणि त्यांचा मुलगा जाऊन बुकिंग करून आले. हे मला आचाऱ्याकडून कळलं.

कर्ज मंजूर झालं. आता फायनान्स कंपनीचा एक फोन तेवढा राहिला होता. गाडी घेणारा माणूस खरा आहे ना, याची खात्री करायचा. नंबर काकांचा दिलेला, म्हणून फोन त्यांच्याच मोबाईलवर येणार. त्यांनी मला स्वयंपाकघराबाहेरच्या त्यांच्या ऑफिसात समोर बसवून सगळं पढवलं. व्यवसाय? स्वतःची वाहतूक. गाडी कोण चालवणार? मीच. हप्ते कोण भरणार? मीच. पाढे म्हणून घेतात तसं माझ्याकडून म्हणून घेतलं. मी चुकलो की ते हसायचे. म्हणाले, "अरे, मालकाला एवढा घाम फुटत नाही."

फोन आला. काकांनी स्पीकर लावला आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला.

एका मुलीचा आवाज. तिने माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, आणि पुढे 'सर' म्हणाली.

माझं आडनाव ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. ते मी लहानपणापासून बघत आलोय. हिला माझा चेहरा दिसत नव्हता, मला तिचा. तिने आडनाव वाचलं आणि सरळ सर म्हटलं. तिच्या नोकरीचा भाग असेल तो. असू दे. मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

"सर, आपला व्यवसाय?" सांगितला. "गाडी आपण स्वतः चालवणार?" हो. "हप्ता आपल्याच खात्यातून जाणार?" हो. काका मान डोलवत होते. आणि मग तिने विचारलं, "सर, गाडीचा रंग कोणता निवडलात आपण?"

हे आम्ही पाठ केलं नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी चटकन स्वतःची कॉलर चिमटीत धरून दाखवली. पांढरी. मला कळलं. एका शब्दाचा प्रश्न होता. पांढरा म्हटलं की संपलं असतं. पण त्यांनी ती कॉलर पुन्हा ओढली, आणि मुक्या जनावराला खुणावावं तसं भुवया उडवून मला खुणावलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या ट्रकसाठी गावच्या शाळेचं रजिस्टर उघडायला लावलं, पगार कापून घेतला, बायकोवर ओरडलो. आणि त्याचा रंगसुद्धा मला कोणी सांगितला नव्हता. सांगायची गरजच कोणाला वाटली नव्हती.

"सर? ऐकू येतंय ना?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, ताई."

"म्हणजे? गाडी आपणच घेताय ना?"

"नाही. नाव माझं आहे. गाडी यांची आहे. इथे माझ्यासमोरच बसलेत, विचारा त्यांना."

काकांनी फोन बंद केला. आरडाओरडा केला नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "छान. तुझी लायकी वाढवत होतो मी. आता आयुष्यभर दुसऱ्याच्याच गाड्या चालव."

मी भाषण वगैरे काही ठोकलं नाही. एवढंच म्हणालो, "माझे कागद द्या. चेक द्या. सही केलेले फॉर्म द्या."

"फाइल घरी आहे. बघू नंतर."

"आत्ता."

त्यांच्या मागोमाग त्यांच्या सोसायटीत गेलो. ते आत गेले, मी दारात उभा राहिलो. बराच वेळ गेला. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं, तरी मी हललो नाही. शेवटी काकू फाइल घेऊन आल्या. त्यांनी ती बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवली आणि आत वळल्या. माझा पगार, दिवाळीची मिठाई, सगळं मला आजवर असंच मिळालं होतं. कुठेतरी ठेवलेलं. मी उचलून घ्यायचं.

"हातात द्या, काकू."

त्यांना ऐकू आलं, पण समजलं नसावं. मी पुन्हा म्हणालो, "फाइल माझी आहे. हातात द्या."

त्या काकांकडे बघत राहिल्या. काका भिंतीकडे. मग काकूंनी ती फाइल उचलली आणि माझ्या हातात दिली. आमची बोटं एकमेकांना लागली. काहीही झालं नाही. मी तिथेच उभं राहून एकेक कागद तपासला, सह्या केलेले चेक आणि फॉर्म त्यांच्यासमोर फाडले आणि खाली उतरलो.

नोकरी गेली. मार्केट यार्डात जो बोलवेल त्याचा टेम्पो रोजावर चालवायला लागलो. घरात ओढाताण झाली, अजून चालू आहे. पण कागद घरात होते. हेलपाटे घालून मीच जमवलेले, माझ्या बापाच्या शाळेपासूनचे. बायको म्हणाली, "हेच कागद घिऊन तुम्ही सोता जावा की." अर्जातला काकांचा पत्ता आणि नंबर काढून टाकला. मार्केट यार्डातल्या एका गोदामवाल्याने चार्जिंगला जागा देतो म्हणून चिठ्ठी लिहून दिली. मी स्वतःचा नंबर घातला, स्वतःच्या शर्टात फोटो काढला आणि त्याच फायनान्स कंपनीत गेलो.

टेबलावरचा मुलगा सभ्य होता. त्याने पत्ता वाचला, संगणकात बघितलं आणि म्हणाला, "सॉरी दादा. हा एरिया आमच्याकडे निगेटिव्ह आहे. वस्तीतल्या पत्त्यावर गाडीचं कर्ज होत नाही."

मी म्हणालो, "मागे याच नावावर, घराच्या याच पत्त्यावर तुम्हीच मंजूर केलं होतं. बघा."

त्याने बघितलं. होतं तिथे. मग आवाज खाली आणून, मला मदत करतोय अशा थाटात तो म्हणाला, "हो, पण तेव्हा तुमच्या मागे पार्टी स्ट्राँग होती ना."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. ट्रक कोणाचा, नाव कोणाचं, सगळं ठाऊक असून त्यांनी मंजुरीचा शिक्का मारला होता. माझी वस्ती तेव्हा निगेटिव्ह नव्हती, कारण ट्रक वस्तीत येणारच नव्हता. मी खोटा होतो तोवर माझे कागद खरे होते. खरा होऊन आलो तर म्हणे एरिया चालत नाही.

मी म्हणालो, "हे लिहून द्या."

"काय?"

"जे बोललात ते. या पत्त्याला कर्ज मिळत नाही. सही करा, शिक्का मारा आणि माझ्या हातात द्या."

"दादा, असं लेखी कोणी देत नाही."

"मग तुमच्या साहेबांना बोलवा. मी बसलोय."

साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. मग बाहेरगावी गेले असं कळलं. वॉचमनने दोनदा येऊन सांगितलं की इथे असं बसता येत नाही. मी त्याला म्हटलं, बसता येतंय की, बघ. ऑफिस बंद झालं तेव्हा उठलो. दुसऱ्या दिवशी ते उघडायच्या आधी दारात होतो.

रोजाचं काम बुडतंय. ते मला कळतं, बायकोलाही कळतं. कर्ज मिळेलच असं मी कोणालाही सांगत नाही. इथे नाही झालं तर दुसऱ्या ऑफिसात जाईन, तिथे नाही तर तिसऱ्या. पण आता कोणाचं तोंडी 'नाही' ऐकून मी परत फिरणार नाही. माझा दाखला दुसऱ्याच्या गाडीला पुन्हा लागणार नाही. ट्रक द्यायचा तर मला द्या. नाकारायचा तर तुमच्या नावाने, तुमच्या सहीने, कागदावर नाकारा. तो कागद घेऊन तक्रार कुठे करायची, ते मी विचारून ठेवलंय.