तीन खणांत एकच प्लगइन

वाचनालयात सगळे त्यांना सूचीबाई म्हणत. बावीस वर्षं त्या एकाच कपाटापाशी बसत होत्या. कपाटाला साठ खण, आणि खणाखणांत तळहाताएवढी कार्डं. नवं पुस्तक आलं की बाई त्याची तीन कार्डं लिहीत. एक लेखकाच्या नावाने, एक पुस्तकाच्या नावाने, एक विषयाने. वाचक कुठल्याही वाटेने आला तरी पुस्तक त्याला सापडलंच पाहिजे, यावर त्या अडून बसत. आणि जुनं कार्ड त्या कधी फाडत नसत. नवी आवृत्ती आली तरी जुन्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘जुनं’ असं लिहायचं आणि ते नव्याच्या मागे लावून द्यायचं. कपाट फुगत चाललं होतं, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

एवढं करून बाई हंगामीच. दर अकरा महिन्यांनी त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद मिळे, तीन दिवसांनी पुन्हा घेतल्याचा. मधले तीन दिवस त्या शेजारणीला पाठ धरली आहे म्हणून सांगत. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. तो म्हणे, दरवर्षी नव्याने नोकरी लागायला नशीब लागतं. पहिली दोन वर्षं बाई हसल्या. नंतर त्या तीन दिवसांत त्या उगाच भांडी घासत बसायच्या, घासलेलीच. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, आणि त्याआधी एकदा तरी ‘कायम’ हा शब्द असलेलं पत्र हातात यावं एवढीच त्यांची इच्छा होती.

ते पत्र अचानक हाताच्या अंतरावर आलं. मुख्य कार्यालयाने कळवलं की या शाखेत एक जागा कायम होणार. चाळीस मिनिटांची परीक्षा, संगणकावर, ज्याला जास्त गुण त्याला जागा. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता परीक्षेचं पान बंद. शाखेत हंगामी माणसं दोनच. एक बाई आणि दुसरा काउंटरवरचा शिक्का. तो दिवसभर पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारायचा, म्हणून त्याचं नावच शिक्का पडलं होतं. चौदा वर्षं झाली होती त्यालाही. हुशार होता, बोटं झरझर चालायची, आणि सरावाच्या परीक्षेत त्याला बाईंपेक्षा सहा गुण जास्त पडले होते. कार्डांच्या कपाटाकडे मात्र तो फिरकत नसे. त्याला हवं ते तो काउंटरवरच्या संगणकात शोधायचा.

संगणकांचंही नुकतंच नवं लग्न झालं होतं. कार्यालयाने जुनी प्रणाली काढून सगळीकडे लिनक्स घातलं होतं. चालू केलं की पडद्यावर पेंग्विन यायचा, आणि बाईंना वाटायचं की हा आपल्याकडेच बघतोय. सोमवारी त्यांनी परीक्षेचं पान उघडलं तर आत प्रश्न नाहीतच. नुसती करडी चौकट, आणि त्यात लिहिलेलं की आवश्यक प्लगइन सापडत नाही किंवा जुनं आहे. प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटासा तुकडा, एवढं परिपत्रकात दिलं होतं. पुढे चार पायऱ्या. फाइल उतरवा, तिची गुंडाळी सोडवा, प्लगइनच्या फोल्डरमध्ये ठेवा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

बाईंनी चारही पायऱ्या पेन्सिलीने खुणा करत केल्या. चौकट करडीच.

मग त्यांच्या लक्षात आलं की प्लगइनचं फोल्डर काही एक नाही. एक त्यांच्या स्वतःच्या जागेत होतं, तेही नावाच्या आधी टिंब देऊन लपवून ठेवलेलं. लपवून कुणापासून, हे त्यांना कळलं नाही. दुसरं ब्राउझरच्या पोटात. तिसरं सगळ्या मशीनचं सामायिक, आणि तिथे काही ठेवायचं तर पासवर्ड मागायचं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकादेखील उमटत नव्हता. बाईंनी कीबोर्ड उलटा करून झटकला, वायर काढून घातली, शेवटी काही दिसत नसतानाच तो नेटाने टाइप केला, आणि तो चालला. न दिसणारं लिहिलेलं चालतं आणि नीट दिसणारं चालत नाही, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

तीन फोल्डरं म्हटल्यावर बाईंचा हात आपसूक चालला. तिन्ही ठिकाणी एकेक प्रत. ब्राउझर कुठल्याही वाटेने आला तरी त्याला सापडलंच पाहिजे. मंगळवारी कार्यालयाने सुधारित फाइल पाठवली, गुरुवारी आणखी सुधारित. दरवेळी बाईंनी जुनीच्या नावाआधी ‘जुनं’ लावलं आणि नवी तिन्ही ठिकाणी ठेवली. आता नऊ प्रती झाल्या होत्या आणि चौकट तशीच करडी होती. मदतकेंद्राला फोन केला तर तिथल्या माणसाने विचारलं, बंद करून चालू केलंत का. बाईंनी सांगितलं की चार दिवस तेच चाललंय. शिक्क्याचंही उघडत नव्हतं, तोही नवी फाइल जुनीच्या शेजारीच ठेवत आला होता. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकमेकांना चौकटीचा रंग सांगत, आणि दोघांच्याही जिवाला घोर लागला होता.

शुक्रवारी दुपारी मदतकेंद्रातल्या दुसऱ्या कोणीतरी बाईंना एक पत्ता सांगितला. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला की ब्राउझर कुठली प्लगइनं वापरतोय त्याची यादी दिसते म्हणे. बाईंनी टाकला. यादी आली. प्रत्येक नावापुढे त्याचं ठिकाण लिहिलेलं, मशीनमध्ये कुठून आत जायचं, कुठल्या फोल्डरमध्ये वळायचं, तिथे कुठली फाइल. चार दिवसांत प्रथमच बाईंना ओळखीचं काही वाचायला मिळालं. ही तर सूचीच होती. त्यांनी चष्मा पुसला आणि वरून खाली वाचत गेल्या. ब्राउझरने घेतलेलं प्लगइन सोमवारचं होतं. नावाआधी ‘जुनं’ लावलेलं ते, तेच पहिलं सापडतंय म्हणून तेच. त्याला ‘जुनं’ शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. ठेवलेलं सगळं तो वाचायचा आणि पहिलं मिळेल त्यावर अडून बसायचा.

म्हणजे फाडायचं होतं. बाईंनी आयुष्यात कार्ड फाडलं नव्हतं. त्या थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या. मग एकेक करून आठ प्रती पुसल्या, आणि दरवेळी पडद्यावर ‘नक्की का’ असं आलं की त्या फाइलचं नाव पुन्हा एकदा वाचायच्या. एकच उरली. ब्राउझर बंद केला, उघडला. चौकटीच्या जागी पान आलं, वर त्यांचं नाव, खाली ‘सुरू करा’.

घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. काही नवं कळलं की कार्ड लिहायचं ही बाईंची सवय. त्यांनी कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं: परीक्षेचं प्लगइन. जुन्या सर्व प्रती काढाव्यात, एकच नवी ठेवावी. खाली तो यादीचा पत्ता. तारीख घातली, उठून विषयांच्या खणात योग्य जागी लावलं, आणि खुर्चीत येऊन बसल्या.

एवढ्यात शिक्का दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“ताई, उघडलं का तुमचं?”

बाईंचा हात माउसवर होता. पडदा दारातून दिसत नव्हता. “बघतेय अजून,” त्या म्हणाल्या.

तो मान हलवून गेला. का असं म्हटलं, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. कार्ड तर खणात होतं. खण काही कुलूपबंद नव्हता. त्यांनी ‘सुरू करा’ दाबलं. पहिले पाच प्रश्न त्यांनी वाचले पण डोक्यात शिरले नाहीत. मग शिरायला लागले. परीक्षा संपली तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. चाळीस मिनिटांची परीक्षा आता कोणालाच नव्याने देता आली नसती. बाईंनी हे गणित केलं, आणि ते करून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. बाईंना तेहतीस गुण. शिक्क्याच्या नावापुढे ‘गैरहजर’. तो स्वतःहून कपाटापाशी आला, अभिनंदन केलं, खरंच मनापासून केलं. पुढच्या महिन्यात त्याचे अकरा महिने भरत होते. आपलं पान शेवटपर्यंत उघडलंच नाही, कुठे चुकलं देव जाणे, असं तो म्हणाला.

बाईंना गप्प बसता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मी कार्ड लिहून ठेवलं होतं. खणात.”

“कधी?”

“चारच्या आधी.”

“मी दारात येऊन विचारलं, त्याच्या आधी?”

“आधी,” बाई म्हणाल्या.

कुठला खण, एवढंच शिक्क्याने विचारलं. बाईंनी दाखवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने खण ओढला, बोटांनी कार्डं चाळत गेला आणि ते बाहेर काढलं. सावकाश वाचलं, मागची बाजूही बघितली. मग होतं त्याच जागी, सरळ लावून ठेवलं.

“अक्षर सुरेख आहे तुमचं, ताई,” तो म्हणाला आणि काउंटरवर गेला. तिथे दोन वाचक पुस्तकं घेऊन थांबले होते.

बाईंच्या हातात पत्र होतं. ‘कायम’ हा शब्द दुसऱ्या ओळीत होता, ठळक अक्षरांत. संध्याकाळी घरी नवरा विचारणार, काय झालं. बाईंनी पत्राची घडी घातली आणि उघडा राहिलेला खण आत ढकलला.