नारळाचा दगड आणि बसकी गाडी

घर्र असा आवाज आला आणि मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. समोर आमचे शेठ फुटक्या नारळाची दोन भकलं हातात घेऊन उभे. नारळाचं पाणी त्यांच्या मनगटावरून गळत होतं. त्यांनी वाकून गाडीच्या नाकाखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला खाली उतरायचं धाडस होईना.

गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीची. नागपुरात गणेशपेठेत आमचं गॅरेज होतं. माझं काम डेंटिंग-पेंटिंग. म्हणजे ठोकलेला पत्रा सरळ करायचा, राहिलेला खड्डा पुट्टीनं भरायचा, वॉटर पेपरनं घासून सपाट करायचा आणि वर रंग मारायचा. शेठचा एक नेम होता. रंगवलेली गाडी शेडबाहेर निघताना चाकांखाली लिंबं ठेवायची, समोर एक काळा दगड मांडायचा, त्यावर नारळ फोडायचा आणि मग गाडी त्या दगडावरून पुढे काढायची. दगड दोन चाकांच्या मधोमध राहायचा. अँबेसिडर, फियाट, जीप, सगळ्या त्याच्यावरून आरामात जायच्या. आजवर कोणाला काही झालं नव्हतं.

ही गाडी मात्र बसकी होती. परदेशातून आलेली, दोन दारांची, दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरबाईंच्या भावाची. भाऊ जहाजावर नोकरीला, गाडी बहिणीकडे सोडून गेलेला. बाईंच्या हातून मागचा मडगार्ड दवाखान्याच्या गेटला ठोकला गेला, म्हणून ती आमच्याकडे आली. भाऊ मंगळवारी येणार होता आणि बाईंना सोमवारी सकाळी गाडी हवी होती. मी एकट्यानं केलेलं हे पहिलं मोठं काम. मडगार्ड असा साधला होता की खड्डा कुठे होता ते मलाच शोधावं लागत होतं. आणि शनिवारी दुपारी हे असं झालं. दगड शेठचा, नारळ शेठचा, पण स्टिअरिंगवर मी होतो.

बंपरच्या खालच्या कडेला एक काळी पट्टी होती. तिला ट्रिम म्हणतात. शोभेचीही आणि संरक्षणाचीही. आमच्या माहितीतल्या गाड्यांचे बंपर लोखंडी, वर निकेलचं पाणी चढवलेलं. ही पट्टी प्लास्टिकची निघाली. तिच्यावर रंग नव्हता, सगळ्या अंगाला बारीक खरखरीत दाणा होता. मी ती स्क्रू काढून हातात घेतली. मधोमध ओरखडे होते आणि उजव्या टोकालाही होते. एका दगडानं दोन जागी कसं घासलं, हा प्रश्न डोक्यात येऊन गेला. पण घाबरलेल्या माणसाला सगळे ओरखडे आपलेच वाटतात.

मग मी दुसरी चूक केली. पत्र्याची सवय, म्हणून वॉटर पेपर घेतला आणि दोन्ही जागा घासून काढल्या. ओरखडे गेले. पण त्यांच्याबरोबर दाणाही गेला. जुन्या पँटची बैठक झिजून चकाकते तसे दोन गुळगुळीत डाग पट्टीवर दिसायला लागले. ओरखड्यांपेक्षा हे वाईट दिसत होतं. शेठनी मुंबईला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, पट्टी बाहेरून मागवावी लागेल, दोन-तीन महिने धरा.

फोन ठेवून शेठ शांतपणे म्हणाले, "सोमवारी गाडी अशीच गेली, तं तूही तिच्यामागं गेला समज."

शेठ उगाच बोलणारे नव्हते. आमचं घर तांडापेठेत, कोष्ट्याचं. वडील असेपर्यंत घरात माग चालत होता. ते गेल्यावर माग बंद पडला तो पडलाच. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा घरात मी एकटा होतो. पट्टी पोत्यात गुंडाळून मी सायकलला बांधली आणि घरी आलो.

रविवारी सकाळी आईनं ताट वाढलं. मी नुसता बसून होतो.

"काहून जेवून नाही राहिला गा?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. आईनं पदराला हात पुसले आणि पट्टी मांडीवर घेतली. डोळे बारीक करून पाहील असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलंच नाही, नुसतं बोट फिरवलं. आयुष्यभर तिनं कापड असंच तपासलं होतं.

"हे तं जाड्या कापडावानी आहे," ती म्हणाली. "इथला पोत तू घासून टाकला."

मी म्हटलं, "तो आता परत कसा येईन?"

ती उठली आणि मोरीतला प्लास्टिकचा टब उचलून आणला. कधीतरी तिनं त्यात गरम गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, फडक्यासकट ठेवला होता. टबाच्या बुडाला त्या फडक्याची वीण उमटली होती. सूत न् सूत मोजून घ्यावं इतकी स्पष्ट. वर्षभर मी त्याच टबातल्या पाण्यानं आंघोळ करत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

मग आईनं पेटी उघडली. आत वडिलांच्या हातच्या कापडाचे तुकडे होते. तिनं ते एकेक पट्टीशेजारी ठेवून बोटानं पारखले. एक फार बारीक, एक फार जाड. पाचवा तुकडा तिनं माझ्या हातात दिला. मी कोळशाची इस्त्री पेटवली. आधी टबावरच हात बसवला. पहिल्यांदा इस्त्री जास्त तापली आणि कापडाचे धागे प्लास्टिकमध्ये रुतून बसले. दुसऱ्यांदा कापड गरम असतानाच उचललं, तर दाणा पसरून सपाट झाला. तिसऱ्यांदा कळलं की इस्त्री टेकवून लगेच काढायची, वरून ओलं फडकं दाबायचं आणि सगळं थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही.

पट्टीवर घेतलं तेव्हा कापड आईनं धरलं, दोन्ही हातांनी ताणून, मागावर बसल्यासारखी पाठ ताठ करून.

"सूत कडेले सरळ पाहिजे," ती म्हणाली. "वाकडं गेलं तं डोळ्याले दिसत नाही, बोटाले दिसते."

दुपारपर्यंत दोन्ही डाग गेले. वरून काळं बूट पॉलिश लावून मी रंग एकसारखा केला. आईनं पुन्हा बोट फिरवलं आणि माझं ताट गरम करायला गेली. त्या दिवशी जेवताना मला रडू आलं. आईला वाटलं, तिखट लागलं.

सोमवारी सकाळी मी पट्टी बसवली. शेठनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आता तोंड उघडू नको," एवढंच म्हणाले. माझाही तोच विचार होता.

डॉक्टरबाई आल्या. मडगार्डकडे त्यांनी ओझरतं पाहिलं, चांगलं झालंय म्हणाल्या आणि सरळ गाडीच्या पुढे गेल्या. उजव्या टोकाशी खाली बसल्या. पट्टीवर बोट फिरवलं, परत फिरवलं.

"इथे काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

शेठ खोकले. पण मला वाटलं, सापडलो. मग लपवून काय उपयोग? मी सगळं सांगून टाकलं. दगड, वॉटर पेपर, टब, आईचं कापड, सगळं. चूक माझी आहे, शेठची नाही, हेही सांगितलं.

बाई उठल्या. साडी झटकत म्हणाल्या, "मधलं तुमचं असेल. हा उजवीकडचा ओरखडा माझा होता. दवाखान्यासमोर नालीवरून गाडी चढवताना घासली. मडगार्डचं भावाला पत्रानं कळवलं, पण हे कळवायची हिंमत झाली नाही. आता तो ओरखडा शोधतेय, तर सापडत नाहीये."

मी शेठकडे पाहिलं. शेठ आभाळाकडे पाहत होते.

जाताना माझ्याकडे बोट दाखवून बाई शेठना म्हणाल्या की ही गाडी पुढेही यांच्याच हाती द्यायची. आणि मला म्हणाल्या, "आईंना सांगा, टाके मीही घालते, पण असा व्रण लपवणं मला जमलेलं नाही."

मी घरी येऊन निरोप दिला. आईनं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "तिले म्हणा, नालीवरून जपून चढवत जाय."

त्याच गॅरेजमध्ये पुढे मी केस पांढरे होईपर्यंत राहिलो. माझी नोकरी वाचवली ती मागावर बसलेल्या एका बाईच्या बोटांनी, आणि आपला ओरखडा आपला म्हणणाऱ्या दुसऱ्या बाईनं. बाई गप्प राहिल्या असत्या, तर तोही माझ्याच नावावर राहिला असता. या दोघींचे उपकार मी कधी विसरलो नाही.

शेठचा नेम काही सुटला नाही. नारळ फुटतच राहिले, फक्त दगड गाडीसमोरून उठून बाजूला नालीच्या कडेला गेला. मी मात्र त्यानंतर एक सवय लावून घेतली. कोणतीही गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्या मालकासमोर जमिनीवर बसायचं आणि वाकून गाडीच्या नाकाखाली आधीचे ओरखडे पाहायचे. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हा माणूस गाडीच्या पाया पडतो.