एमरिसची दुपारची सभा

एमरिस गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सौदीत, जुबैलला कंपनीच्या बसमध्ये होतो. "उद्या करतो फोन," म्हणालो... आणि तो उद्या उजाडायला कित्येक दिवस लागले.

एमरिस वेल्सचा, आमच्या प्लांटवरचा वेल्डिंग इन्स्पेक्टर, माझा जोडीदार. त्याच्या गावाचं नाव आम्हां कोकण्यांना उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्या गावाला 'वरची वाडी' म्हणायचो. पाटीच्या दगडाची खाण, खाली गाव. घरांची छपरं त्या दगडाची, कुंपणं त्याची, थडगीसुद्धा. खाण बंद पडली, तरुण बाहेर पडले, प्रार्थनाघर विकलं गेलं. "आता तिथे मेंढ्या आणि पाऊस," तो म्हणायचा. "आमच्याकडे मेंढ्यांच्या जागी माकडं," आमचा फिटर सावंत म्हणाला, "बाकी सेम."

त्या खाणकामगारांची एक रीत होती. जेवणाच्या सुट्टीत दगडी खोपटात चहा ठेवायचा, एकाला अध्यक्ष करायचं आणि ज्याच्या मनात जे असेल ते त्याने सगळ्यांपुढे मांडायचं, पगारापासून परमेश्वरापर्यंत. एमरिसने तीच सभा आमच्या पोर्टाकॅबिनमध्ये भरवली. मी कोपऱ्यात. "बशीर, तुझा मुद्दा?" "काही नाही."

मग सौदीकरण आमच्या खात्यापर्यंत आलं. आम्हा दोघांपैकी एकाच्या जागी सौदी माणूस येणार होता. मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "तू राहतोयस. म्हाताऱ्याला पत्र मिळेपर्यंत बोलू नकोस." माझ्या मुलीची बारावी होती. मी हुश्श केलं. हो, हुश्शच केलं. आज लिहून टाकतो. त्यानंतरही एमरिस रोज दुपारी विचारायचा आणि मी "काही नाही" म्हणायचो. तो कायमचा निघाला त्या दिवशी ड्यूटीचं निमित्त काढून विमानतळावरही गेलो नाही.

अखेर परवा त्याच्या मुलीला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. ती चक्क हसली. "डॅडना पत्राआधीच माहीत होतं. फोनवर सांगायचे, बशीर एकदाचा बोलला तर बरं, बिचाऱ्याचा डबा रोज भरलेलाच परत जातो."

"रागावला नव्हता?"

"घरी यायला मिळालं म्हणून खूश होते. शेवटपर्यंत रोज खाणीच्या वाटेने फिरून यायचे."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. बरं वाटलं.

आता माझीही पाळी आली आहे. माझ्या जागेवर फहद हा सौदी पोरगा रुजू झालाय, पण ती जागा कुणाची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काल दुपारी सावंत अध्यक्ष होता. "माझा मुद्दा आहे," मी म्हणालो. सगळ्यांचे घास थांबले.

"फहद माझ्या जागेवर आलाय. त्याला काम शिकवून मी गावी चाललोय."

फहद बावरून माझ्याकडे बघत राहिला. सावंत म्हणाला, "बशीरभाई, इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत, ते हे सांगायला?"

मी फहदकडे डबा सरकवला. "यल्ला, चल, खा."

आणि आम्ही दोघं जेवलो.